फलश्रुती नसलेला कागद

सुजाता, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात सहा जण तुझ्याविषयी बोलले आणि सहांपैकी एकाचंही बोलणं तुझ्या परीक्षेत पास झालं नसतं. एकाने तुला 'आरोग्याची ज्ञानज्योत' म्हटलं. दुसरा म्हणाला, तुझ्या जाण्याने प्रबोधनाच्या क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी मागे सतरंजीवर तुझ्या गल्लीतल्या शेवंताक्काच्या शेजारी बसले होते. तिने मला कोपराने ढोसलं. "काय म्हनायलाय ओ बाई त्यो? कशाची पोकळी?" मी म्हटलं, सुजाता आता नाही, असं म्हणतोय. "मग तसं कामून म्हनंना?" मला हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ तुझा असा राग आला की सांगता सोय नाही. या माणसांना "आता परत सांगा बघू, आपल्या शब्दांत" म्हणायला तू तिथे हवी होतीस.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण बसवकल्याणच्या शाळेत पाचवीला एका बाकावर बसलो तेव्हापासून मी तुझ्यावर रागावत आलेय. तू गेलीस एवढ्या एका कारणासाठी ही सवय या वयात मोडणं मला जमायचं नाही. तू विज्ञानाकडे गेलीस, मी मराठीकडे. तू तालुक्याच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलंस, मी शाळेत त्यांच्या लेकरांचं शुद्धलेखन तपासलं. दोघी एकाच सुमारास रिटायर झालो. मी म्हटलं, आता निवांत बसू. तू म्हणालीस, "निर्मले, बसून काय करणारेस? माझ्यासंगं एक काम कर." माझा निवांतपणा तिथेच संपला.

काम काय होतं, ते कालच्या सहाही वक्त्यांना सांगता आलं नाही. मी सांगते. लॅबच्या खिडकीशी तुझ्यापुढे वर्षानुवर्षं माणसं रिपोर्टचा कागद घेऊन उभी राहायची. "ताई, ह्यात काय लिवलंय?" तू सांगायची नाहीस, डॉक्टरांना विचारा म्हणायचीस, कारण नियम तसा होता. डॉक्टर म्हणायचे, ठीक आहे, गोळ्या घ्या. भिंतीवरचा तक्ता कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आणि सीमेपलीकडच्या उमरग्याकडून कधी एखादं मराठी पत्रक आलंच तर त्यातली मराठी अशी की कन्नड परवडली. आपल्या माणसांना तीन-तीन भाषा येतात आणि त्यांच्या दुखण्याविषयी त्यांच्याशी तिन्हींपैकी एकीतही कोणी सरळ बोलत नाही. हे तुला नोकरीभर खुपत राहिलं, आणि नोकरी संपल्यावर तू ते माझ्या दारात आणून टाकलंस.

मोबाईलवर तू वैद्यकीय संशोधनाचे निबंध शोधायला लागली होतीस. अर्ध्यांना कुलूप असायचं, पैसे भरल्याशिवाय उघडायचं नाही. जे उघडायचे त्यांतल्या काहींच्या शेजारी इंग्रजीत एक छोटा मजकूर असायचा, सामान्य वाचकांसाठी साध्या भाषेतला सारांश म्हणून. "कंचा सामान्य वाचक गं हा?" तू विचारायचीस. "माझ्या गल्लीत तर न्हाई राहत." तो मजकूर घेऊन तू कमलनगरहून जीपने भालकीला, तिथून बसने माझ्याकडे यायचीस, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि चार-पाच छापील पानं घालून.

पहिला कागद ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा होता. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं, 'रक्तदाबावरील औषधोपचारात सातत्य राखणे हितावह ठरते.' अक्षर सुंदर, वाक्य निर्दोष. तू ते वाचलंस आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "निर्मले, हे कोणाला सांगायलीस? ब्लडप्रेशरला का?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू मला तुझ्या गावी घेऊन गेलीस, शेवंताक्काच्या ओट्यावर बसवलंस आणि म्हणालीस, वाच तिला.

शेवंताक्काला अक्षर येत नाही, आणि न कळलेलं कळलं म्हणण्याची रीतही येत नाही. मी वाचलं. ती म्हणाली, "न्हाई कळलं." मी सोपं करून वाचलं. "न्हाई कळलं." चौथ्यांदा मी चिडून म्हटलं, अगं बरं वाटलं तरी गोळी सोडू नको! "मग हे आधी कामून न्हाई म्हनलाव?" ती म्हणाली, आणि माझं ते चिडून म्हटलेलं वाक्य आपण जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून तुझा कायदा ठरला. शेवंताक्काने ऐकायचं, तिने आपल्या शब्दांत परत सांगायचं, तिचं सांगणं बरोबर आलं तरच कागद छापायला द्यायचा. अख्खी हयात मी लेकरांचे पेपर तपासले आणि म्हातारपणी एका अक्षरशून्य बाईने मला दर महिन्याला नापास केलं. माझा एकही कागद पहिल्या वाचनात तिच्याकडून सुटला नाही.

मग तू तो वर्षावासाचा घाट घातलास. तुमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथ वाचतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मग प्रश्न विचारतात, वादही घालतात. तू म्हणालीस, रविवारी ग्रंथ झाला की आपला कागद वाचू. चाललं की ते मस्त. लोक विचारायचे, तू सांगायचीस, नाही ठाऊक तर पुढच्या रविवारी सांगते म्हणायचीस. ते बघून माझ्याही अंगात वारं शिरलं. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या देवळात श्रावणात पोथी असते, तिथे मी वाचते. तू एवढंच म्हणालीस, "बघ बाई." त्या दोन शब्दांत तुला काय म्हणायचं होतं ते तू तेव्हाच सांगायला हवं होतंस.

मी वाचलं. बायकांनी हात जोडून ऐकलं. कोणी उठलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, केवढं यश! पंधरा दिवसांनी शेजारच्या मामींना चक्कर आली. उपासाच्या दिवसांत त्यांनी गोळी बंद केली होती. मी त्यांच्या घरी गेले तर आपला कागद देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेला. मी म्हटलं, मामी, ह्यात तेच लिहिलंय की, गोळी सोडू नका म्हणून! त्या दुखावल्या. "पुरता ऐकलो की आम्ही निर्मलाबाई. शेवटपर्यंत उठलो न्हाई. पण तुम्ही फलश्रुती न्हाई वाचलाव." पोथीच्या शेवटी असतंच ना, जो हे भक्तिभावाने ऐकेल त्याचे रोग जातील, त्याला संतती-संपत्ती मिळेल. मामी तेवढ्यासाठी थांबल्या होत्या. ऐकण्याचं पुण्य पदरात पडलं होतं, फळ तेवढं मी द्यायचं विसरले होते.

मी तुला हे सांगितलं तेव्हा तू ओट्यावर लोळून हसलीस. आणि हसून झाल्यावर म्हणालीस, "मनूनच आपल्या कागदाच्या शेवटी अजून काय म्हाईत न्हाई ते लिवायचं." तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही.

तुझं म्हणणं असं की चांगल्या संशोधनाच्या शेवटी संशोधन करणारा स्वतःच सांगतो, आम्हाला एवढं कळलं आणि एवढं नाही कळलं. ते गाळलं तर सारांश अर्धा खोटा. माझं म्हणणं असं की माणसं फलश्रुतीची वाट बघतात गं. शेवटी शंका सांगितलीस तर लोक शंकाच घेऊन घरी जातील. आणि मी काही हवेत बोलत नव्हते. मेथीच्या दाण्यांचा कागद आठव. मेथीने साखर किती उतरते आणि उतरलेली किती दिवस टिकते हे अजून नीट माहीत नाही, गोळ्या बंद करून मेथीवर राहू नका, असं तू वाचलंस. एक जण उठला आणि म्हणाला, "तुमालाच म्हाईत न्हाई तर आम्हाला कामून सांगायलाव?" आणि चप्पल घालून गेला. माझा जीव शरमेने गोळा झाला. तू शांतपणे पाणी प्यायलीस. तुझ्या त्या पाणी पिण्याचासुद्धा मला राग आहे.

त्यानंतर मेथीचा कागद पुन्हा छापला तेव्हापासूनच मी ती ओळ कापायला लागले. टाइप मी करायची, बसवकल्याणला छापून मी आणायची, त्यामुळे शेवटचा हात माझाच. तू लिहून द्यायचीस, 'अजून काय माहीत नाही' आणि खाली दोन-तीन वाक्यं. छापून यायचं तेव्हा तिथे असायचं, 'नियमित काळजी घेतल्यास निश्चित गुण येतो.' तू पहिल्यांदा तणतणलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, "ही तुझी फलश्रुती तुझ्या देवळात वाच." तिसऱ्यांदा काहीच बोलली नाहीस. दोन वर्षं झाली त्याला. मला वाटलं, पटलं तुला. शेवटी मराठीच्या बाईला मराठी माणूस जास्त कळतो, अशी मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आणि त्याच सुमारास त्या शास्त्रज्ञाच्या फोनवरून मी केवढा थयथयाट केला होता! तुझ्या गावात कधीतरी कुठल्याशा मोठ्या संस्थेची गाडी आली होती. घरोघर रक्त घेतलं, प्रश्न विचारले, निकाल लागला की कळवू म्हणून गेले. शेवंताक्कानेही दंड पुढे केला होता. नंतर ना निकाल, ना माणूस. निबंध छापून आला म्हणे, कुलपातला. तू पत्रं लिहिलीस, एकावर एक. शेवटी एकाचा फोन आला, तू स्पीकर लावलास. तो म्हणाला, निष्कर्ष तांत्रिक आहेत, बरंचसं अनिश्चित आहे, ते सांगून गावातल्या लोकांना गोंधळात टाकण्यात अर्थ नाही. तू म्हणालीस, "रक्त त्यांचंच हाय की, सर." त्याने फोन ठेवला. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या एका शिक्षिकेच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या. तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. लोक गोंधळतील म्हणून जे ठाऊक नाही ते सांगू नये, हेच तर मीही करत होते. त्याला मी लबाड म्हटलं आणि स्वतःला व्यवहारी. तेव्हा तू तोंड उघडलं असतंस तर पुढचं टळलं असतं का गं?

पुढचं. ते लिहायचं मी बारा परिच्छेद टाळलं.

आषाढात तुझ्या पोटातली गाठ कळली. बीदरला लेकीच्या, दीक्षाच्या घरी तू खाटेवर होतीस, तिने रडून डोळे सुजवून घेतले होते. हैदराबादच्या डॉक्टरांनी एक औषध सुचवलं होतं आणि सोबत पेशंटसाठी एक इंग्रजी पत्रक दिलं होतं. त्या औषधावर झालेल्या संशोधनाचा, साध्या भाषेतला सारांश. म्हणजे आपलाच धंदा. दुपारची वेळ होती, दीक्षा औषधं आणायला गेली होती. तू पत्रक माझ्या हातात दिलंस. "हे मराठीत कर आन् मला वाचून दाखव." मी म्हटलं, तुला येतं की इंग्रजी वाचता. तू म्हणालीस, "येतंय. पण मला ऐकायचंय. शेवंताक्कासारखं."

मी शेजारच्या खोलीत बसून तास-दीड तास लिहिलं. औषध कसं देतात ते लिहिलं. काही जणांची गाठ काही दिवस लहान होते, ते लिहिलं. उलट्या होतात, तोंडाची चव जाते, उठवत नाही, तेही लिहिलं. माझी भीड त्यात कुठे आडवी आली नाही. शेवटी इंग्रजीत एक ओळ होती. या औषधाने माणूस जास्त दिवस जगतो की नाही, हे अजून माहीत नाही. माझा हात तिथे थांबला. मग त्याने सवयीने लिहिलं, 'नियमित घेतल्यास गुण येतो.'

मी वाचलं. तू डोळे मिटून ऐकलंस. मग न सांगता, आपल्याच कायद्याप्रमाणे, तू परत सांगितलंस. एक गोष्ट इकडची तिकडे नाही. सांगून झाल्यावर थांबलीस. "संपलं?"

"संपलं."

"अजून काय म्हाईत न्हाई, ते न्हाई व्हय गं त्यात?"

"न्हाई," मी म्हटलं. "ह्यात तसलं काई न्हाई."

तू डोळे उघडलेस. खिडकीत दीक्षाने वाळत घातलेली चादर होती, तिच्याकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "बरं." मग म्हणालीस, "वाचतीस चांगली." मला बरं वाटलं, सुजाता. देवाशपथ, मला त्या क्षणी बरं वाटलं.

तू औषध घेतलंस. त्या आधी तू दीक्षाला म्हणत होतीस, वर्षावासाला मला गावी नेऊन टाक, विहारात पडल्या पडल्या ऐकेन. औषध सुरू झालं आणि तुला पाणी पचेनासं झालं. जीपमध्ये बसणं तर सोडच, खाटेवर बसवेना. रविवारमागून रविवार गेले. तिकडे विहारात ग्रंथ चालू, इकडे तू बादलीवर वाकलेली. मी तुझी पाठ चोळायची आणि म्हणायची, गुण येईल, जरा कळ काढ. भादव्यात तू गेलीस. यंदाच्या वर्षावासात तू एकदाही विहारात बसली नाहीस. ती ओळ मी वाचली असती तर कदाचित तू म्हणाली असतीस, मग ठेवा ते औषध, मला गावी न्या. कदाचित तरीही घेतलं असतंस. पण ठरवायचं तुला होतं. रक्त तुझं होतं.

काल सहा भाषणं झाल्यावर दीक्षा म्हणाली, "मावशी, आईचा शेवटचा कागद वाचा." गुडघ्यांचा कागद होता, तू जेठात लिहून दिलेला. दुखतंय म्हणून गुडघा बांधून बसून राहू नका, झेपेल तेवढं चाला, मांडीचे स्नायू बळकट करा. मी उभी राहून वाचला. तुझा मान म्हणून शेवटच्या वाक्यालाही चांगला सूर लावला, 'नियमित व्यायाम केल्यास निश्चित गुण येतो.' कागदाची घडी घातली आणि खाली बसायला वाकले.

"पुढं?" शेवंताक्का म्हणाली.

"संपला अक्का."

"संपला कसा? म्हाईत न्हाई ते राहिलं की."

मला कळेना. मी म्हटलं, ते कागदात नाहीये. ती म्हणाली, "कागदात कुठं असतंय? कागदात कधीच नसतंय. सुजाताबाई कागद खाली ठेवायच्या आन् म्हनायच्या, आता कागदात न्हाई ते सांगते. तुमची चारची जीप गेली की मग."

चारची जीप. ती चुकली तर भालकीहून पुढे बस नाही, म्हणून मी दर रविवारी प्रश्नोत्तरं अर्ध्यात टाकून पिशवी उचलायची. मामी पोथीला शेवटपर्यंत बसल्या म्हणून मी हसले होते, आणि माझ्याच कागदाचा शेवट मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मागून एका बाईने मेथीची ओळ म्हणून दाखवली, तू लिहिली होतीस तशी, शब्द न् शब्द. तो चप्पल घालून गेलेला माणूससुद्धा भिंतीला टेकून मान हलवत होता.

"भ्या न्हाई वाटलं तुमाला?" मी शेवंताक्काला विचारलं. "सांगनारीलाच ठाऊक न्हाई मनून?"

"भ्यायचं काय त्यात?" ती म्हणाली. "ठाऊक न्हाई म्हनायच्या मनूनच बाकीचं खरं वाटायचं. सगळं ठाऊक हाय म्हननारा ताईत इकायला आल्याला असतोय."

काल चारची जीप मी सोडली. मुक्कामाला तुझ्याच घरी राहिले, तुझ्या खाटेवर. सकाळपासून तुझ्या ओट्यावर बसून हे लिहितेय आणि लिहिता लिहिता पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन अडकतेय. तुला ठाऊक होतं की मी ओळी कापते. दोन वर्षं ठाऊक होतं. तू मला थांबवलं नाहीस, नुसती माझ्या पाठीमागे त्या जोडत राहिलीस, कारण मी रुसले असते, येणं सोडलं असतं. आणि मी तशी आहेच. पण मग बीदरला मला का विचारलंस? कापणाऱ्या बाईला तू विचारलंस की तू काही कापलंस का. पत्रक तुझ्या उशाशीच होतं, तू नंतर वाचू शकत होतीस. वाचलंस का? की निदान तुझ्या बाबतीत तरी मी खरं बोलेन असं तुला वाटलं? "वाचतीस चांगली" हे तू मला माफ करून म्हणालीस की विश्वासाने? भांडून गेली असतीस तर मला उत्तर तरी देता आलं असतं. 'बरं' म्हणून गेलीस. या 'बरं'चं मी काय करू?

तुझे कागद मी चालू ठेवणार आहे, हे सांगते, पण त्यात मोठेपणा नाही. जुन्या कागदांच्या उरलेल्या प्रती दीक्षाने बाहेर काढल्यात. आज सकाळी त्यातल्या गुडघ्यांच्या गठ्ठ्यावर मी पेनने शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली तुझं लिहिलं. कोणता व्यायाम सगळ्यात चांगला, हे अजून नीट माहीत नाही. हात दुखून आला. मेथीचा गठ्ठा अजून बाकी आहे.

दुपारी इथवर लिहून झालं तेव्हा मी हा कागद घेऊन शेवंताक्काच्या ओट्यावर गेले. कायदा म्हणजे कायदा. ती पाय पसरून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली. मी सगळं वाचलं, माझ्या थापेसकट. मध्ये एकदा पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. संपल्यावर म्हटलं, "अक्का, आता तुमच्या शब्दांत परत सांगा."

ती तुझ्या दाराकडे बघत सांगायला लागली. "सुजाताबाईनं तुमाला इचारलं. तुमी खोटं सांगितलाव. तिनं औषध घेतलं आन् ती गेली. खोटं हाय हे तिला कळलं व्हतं का न्हाई, ते कुनालाच म्हाईत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असंच हाय न्हवं?"

"असंच आहे," मी म्हटलं.

"मग कळलं," शेवंताक्का म्हणाली.

पहिल्या वाचनात, सुजाता.